एकशे बेचाळीस

मंजुषानं वही ड्रॉवरमध्ये सरकवली आणि किल्ली फिरवली. एरवी मंगळवारी ती वही टेबलावर उघडी असे. मंगळवारी दुपारी बारापर्यंत मौन, असं तिचं व्रत अकरा वर्षं चाललेलं. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात कुणी काही विचारलं तर ती वहीत लिहून उत्तर देई.

समोर निकिताभोवती सगळे जमले होते. उमरग्याची पोर, जेमतेम पंचवीस वर्षांची. ऊसनोंदीची डेटाबेसमधली टेबलं जागची हलवायची नव्हती. कुठला रकाना कुठल्या शेतकऱ्याला, जमिनीच्या कुठल्या गटाला जोडायचा, हे सांगणाऱ्या मॅपिंगच्या फायली तेवढ्या जुन्या प्लॅटफॉर्मवरून नव्यावर न्यायच्या होत्या. मंजुषाला त्या लिहायला सहा वर्षं लागली होती.

"बाई, तुमची सहा वर्षं पोरीनं नऊ दिवसांत गुंडाळली की," शिपाई गोरोबा कप ठेवत म्हणाला. "लई हुशार हाय."

मंगळवारी ती चहा घेत नाही, हे तो आज पहिल्यांदाच विसरला होता. तिनं कप बाजूला सारला.

पडद्यावर गोल उमटले, गोलांना रेषा जुळल्या. हा शेतकरी, हा त्याचा गट, ही उसाची जात, ही तोडणीची टोळी.

"वा!" कृष्णराज साहेब म्हणाले.

मंजुषानं मान खाली घातली. हा शब्द या खोलीत तिनं कधी ऐकला नव्हता. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिची नजर एका गोलावर थांबली. गट एकशे बेचाळीस. त्याला दोन शेतकरी जोडलेले, मुरुमचे शरणबसप्पा आणि आलूरचे लिंबाजी. बघणाऱ्याला वाटावं, सामाईक जमीन असेल. पण दोन्ही गावांत एकशे बेचाळीस नंबरचा गट होता. म्हणून तर जुन्या प्लॅटफॉर्मवर तिनं टेबल आणि फाईल यांच्या मध्ये एक व्ह्यू, म्हणजे टेबलावरून आपोआप बनणारी मधली यादी, बसवला होता. त्यात गटाच्या आधी गावाचा कोड लागायचा. निकितानं फाईल थेट टेबलाला जोडली होती. आता दोन रानांचं एक रान झालं होतं. टोळी एकाच्या रानात जाणार, दुसऱ्याचा ऊस उभा वाळणार.

"कर चालू," साहेब म्हणाले. "आजचा तोडणी प्रोग्राम ह्यावरूनच काढू."

"एक मिनिट, साहेब." निकितानं खुर्ची वळवली. "ताई, काय राहिलं असंल तर लिहून द्या की."

मंजुषानं पदरानं टेबलावरच्या भवानीच्या तसबिरीची काच पुसली. ती पुसलेलीच होती. दुसऱ्या मुठीत किल्ली रुतत होती.

"त्यांचं मौन हाय आज," गोरोबा म्हणाला.

"ठाऊक आहे की मला. पण चुकलं असतं तर ताईंनी एव्हाना वही पुढं केली असती." निकिता हसली. "त्या गप आहेत म्हंजे बरोबरच आहे, साहेब."

तिनं कीबोर्डवर हात ठेवला.

"थांब."

सकाळपासून न वापरलेला आवाज खरखरीत निघाला. गोरोबा तिचा न घेतलेला कप उचलता उचलता होता तिथंच उभा राहिला.

"एकशे बेचाळीस दोन आहेत. मुरुमचा वेगळा, आलूरचा वेगळा. गावाचा कोड लावणारा व्ह्यू जुन्या मशीनवरच राहिला. तुला सांगितलाच नव्हता मी."

निकितानं कीबोर्डवरून हात काढला. पडद्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"ताई, बाराला अजून वीस मिनिटं आहेत. तुमचं मौन मोडलं की."

"ते मघाशी वहीला कुलूप लावलं तेव्हाच मोडलं," मंजुषा म्हणाली. तिनं मूठ उघडून किल्ली टेबलावर ठेवली आणि आपली खुर्ची निकिताच्या शेजारी ओढली.