स्टे असताना टाकलेली स्लॅब

खुब्याचं हाड मोडल्यापासून माझ्या सासूबाईंना जिना चढवेना, आणि प्रताप नगरच्या आमच्या घरात झोपायच्या दोन्ही खोल्या वर. म्हणून माझ्या नवऱ्यानं, उमाकांतनी, मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली बांधायला काढली. भिंती उभ्या राहिल्या आणि शेजारच्या खंडेलवालांनी खिडकीचा उजेड जातो म्हणून कोर्टातून स्टे आणला. निकाल लागेपर्यंत बांधकाम बंद.

आमचे वकील म्हणाले, थांबा, केस आपल्या बाजूची आहे. पण थांबतील ते उमाकांत कसले! कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागली आणि ठेकेदारानं फूस लावली, "साहब, छत डल गई तो कौन तोड़ेगा?" जन्मभर विमा कंपनीत लोकांना नियम शिकवलेल्या माणसानं सुट्टीतच स्लॅब टाकून घेतली.

"अहो, स्टे आहे," मी ओरडले.

"फार तर दंड होईल, भरू. बंद पडलेली पॉलिसीसुद्धा दंड भरला की चालू होते."

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण सासूबाई नव्या खोलीत आल्या, एके सकाळी काठी टेकत आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत गेल्या, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

खंडेलवालांनी कोर्टात फोटो लावले. न्यायाधीशांनी विचारलं, खोली स्वतः पाडून माफी मागता का? उमाकांत म्हणाले, "खोली नाही पाडणार, साहेब. आई कुठे जाईल?" महिन्याची दिवाणी कैद झाली. पोलिसाबरोबर जाताना मला म्हणाले, "महिना काय, बघता बघता जाईल. मग हिशेब मिटला."

मिटला नव्हता. कैद हुकूम मोडल्याची होती, खोलीला त्यानं माफी मिळत नाही, असं वकिलांनी मला समजावलं. पुढच्याच आठवड्यात कोर्टाचा माणूस नवा हुकूम घेऊन आला आणि मजुरांनी घण घातले. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं. तेव्हापासून त्या पलंगावरच आहेत.

काल तुरुंगात भेटायला गेले. दाढी वाढलेली, गाल बसलेले, तरी माणूस खुशीत.

"आई चालते ना गं खोलीत?"

"चालतात," मी म्हटलं.

"बघ! मग इथलं सगळं सोसलेलं वसूल."

मी मान डोलावली. घरी आल्यावर ते आधी मागच्या अंगणात जातील. त्या दिवसाची मला फार भीती वाटते.