रतनबाईंनी भाकरी सोडली तेव्हा

मी सुरू झाले की घरातल्या सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं. मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. बारामतीला लागून असलेल्या जळोचीत, एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली माझी जागा आहे. वरून धान्य ओतायचं आणि खालच्या डब्यातून पीठ काढून घ्यायचं, एवढंच माझं काम. आज मात्र मी तुम्हाला पिठाची नाही, भीतीची गोष्ट सांगणार आहे. यंत्राला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पूर्वी मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पत्र्याचं अंग, आत मोटर आणि दोन दगड, खाली जाळ्या ठेवायला एक छोटा कप्पा. टेम्पोत बसून मी बारामतीच्या दुकानात आले आणि तिथून रतनबाईंच्या घरी. रतनबाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या. त्यांचे यजमान संभाजीराव साखर कारखान्यात नोकरीला होते. आता निवृत्त होऊन कोऱ्हाळे बुद्रुकच्या शेतातला ऊस बघतात. पहिल्या दिवशी रतनबाईंनी मला हळदकुंकू लावलं, ज्वारी ओतली आणि पीठ चिमटीत धरून बघितलं.

"गिरणीपरीस मऊ हाय," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं राबले. उन्हाळ्यात ज्वारी, थंडीत बाजरी, सणासुदीला हरभरा डाळ. शेजारणी यायच्या, माझ्या अंगावरून हात फिरवायच्या. माझ्या पिठाची भाकरी तव्यावर टम्म फुगली की मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पुढे रतनबाईंचे गुडघे दुखायला लागले. साखरेचा आजार आधीपासून होताच. त्याची गोळी त्या रोज जेवणाआधी घ्यायच्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. रतनबाईंची आई शेवटची वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं रतनबाईंनी केलं होतं. आपलंही तसंच होणार, ही भीती त्यांच्या मनात कधीची घर करून होती.

त्याच सुमाराला कळसहून त्यांचा भाऊ गोकुळ आला. ढेरी गायब, पँट पट्ट्यानं आवळून धरलेली.

"आक्का, भाकरी, भात, चपाती, साखर, गूळ, समदं बंद कर," तो म्हणाला. "अंडी खा, पनीर खा, पालेभाजी खा, मटण खा. भूक लागत न्हाय आन् वजन आपसूक उतरतंय. माझ्याकडं बघ की."

"डॉक्टरला इचारू का?" रतनबाईंनी विचारलं.

"त्येला काय इचारायचंय? त्यांनीच सांगितलंय न्हवं वजन उतरवा म्हणून?"

गोकुळचं खोटं नव्हतं. त्याला ते मानवलं होतं. पण त्याला साखरेचा आजार नव्हता आणि कुठलीही गोळी चालू नव्हती. ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी घरातली साखर आणि गूळ बाहेर गेले. कारखान्याचे सभासद म्हणून मिळालेली साखर रतनबाईंनी शेतावरच्या गड्याला देऊन टाकली. "डोळ्यासमोर नगं," त्या म्हणाल्या. माझ्यात त्यांनी ज्वारीऐवजी बदाम आणि जवस घातले. तेलकट दाण्यांनी माझी जाळी तुंबली, दगड तापले, जळका वास सुटला. रतनबाईंनी घाईनं बटण बंद केलं, माझ्यावर एक तोकडी चादर टाकली आणि वर रिकाम्या बरण्या रचल्या. झालं, माझं काम संपलं. गल्लीतून भंगारवाल्याची हाळी आली की माझा जीव खालीवर व्हायचा. पण मित्रांनो, ती भीती माझ्यापुरती होती. खरी भीती पुढेच होती.

सुरुवातीला सगळं छान चाललं. रतनबाईंचे ब्लाउज सैल झाले. जिना चढताना त्या पूर्वीइतक्या कण्हत नव्हत्या. संभाजीराव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. रतनबाईही आरशापुढे पदर नीट करताना हसायच्या. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं.

एका सकाळी बाहेर चांगलीच थंडी होती आणि रतनबाईंच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. दुसऱ्या एका दिवशी त्यांच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं. स्वभावही बदलला. त्यांची सून उत्कर्षा घरीच मुलींना शिवण शिकवते. मुलगा राजवर्धन पुण्याला नोकरीला, सुट्टीला येतो. या सासूसुनेचं कधी वाजलेलं मी ऐकलं नव्हतं. पण आता रतनबाई क्षुल्लक गोष्टीवरून फाडकन बोलायच्या.

"अंडं असं उकडत्यात व्हय? आयनं काय शिकवलंच न्हाय का तुला?"

उत्कर्षाचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलू लागली. सासूबाईंचा स्वभाव वय झाल्यानं चिडका झाला, असं तिनं मनाशी धरलं. संभाजीरावांनीही तेच धरलं. त्या चिडण्यामागे घाम आणि धडधड आहे, हे फक्त मला कळत होतं. कारण दुपारी घर निवांत झालं की रतनबाई स्वयंपाकघरात यायच्या आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहायच्या. माझी मोटर बंद असायची, तरी माझा पत्रा थरथरायचा. ती थरथर त्यांच्या हातांची होती.

"आई गं, काय व्हतंय मला?" त्या पुटपुटायच्या.

पण घरात कुणाला सांगायच्या नाहीत. सांगितलं तर हे खाणं बंद करायला लावतील, वजन पुन्हा वाढेल, ऑपरेशन राहील आणि मग अंथरूण. ही साखळी त्या स्वतःशीच बोलून दाखवायच्या. थोड्या वेळानं चिमूटभर शेंगदाणे नाहीतर पनीरचा तुकडा तोंडात टाकायच्या आणि जरा बरं वाटलं की तोंड धुऊन बाहेर जायच्या. मी आतल्या आत घाबरून जायचे. मला आवाज आहे, पण तो दुसऱ्यानं बटण दाबल्यावरच निघतो.

या सगळ्यात एक गुपित माझ्यापाशी होतं. उत्कर्षाला गोड चहाशिवाय चालत नसे. साखरेची एक छोटी डबी तिनं माझ्या खालच्या कप्प्यात, जाळ्यांच्या मागे लपवली होती. रतनबाई मला धरून उभ्या असायच्या तेव्हा ती डबी त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर असायची.

मग तो दिवस आला. वजन काही दिवस एकाच आकड्यावर अडलं होतं, म्हणून रतनबाईंनी सकाळचं खाणंच टाळलं. गोळी मात्र नेमानं घेतली. दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे हात पुढे केला, पण तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. बरण्या खडखडत खाली आल्या आणि रतनबाई माझ्या अंगाला पाठ घासत फरशीवर बसल्या.

आवाज ऐकून उत्कर्षा दारात आली. "काय पडलं?" तिनं तुटकपणे विचारलं.

"कळसची यष्टी गेली का?" रतनबाई म्हणाल्या. "आय वाट बघत आसंल."

उत्कर्षाच्या कपाळाला आठी पडली. सासूबाई पुन्हा आपल्या आईवरून टोमणा मारतायत, असं तिला वाटलं. ती परत फिरलीही. मित्रांनो, तिची पाठ दिसली तेव्हा मला जी भीती वाटली, ती मला सांगता येणार नाही. मी लोखंड आणि दगड. माझ्या अंगाला टेकून एक माणूस विझत चाललं होतं आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

पण उत्कर्षा दारातच थांबली. रतनबाईंची आई जाऊन वर्षं लोटली होती, हे तिला आठवलं असावं. तिनं वळून नीट पाहिलं. सासूबाईंचं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं, ओठ पांढरे पडले होते, नजर कुठंतरी लांब होती.

"आई! अहो आई, माझ्याकडं बघा. मी कोण आहे?"

"तू... तू विमल न्हवं?"

विमल नावाचं त्या घरात कुणीच नव्हतं. उत्कर्षाचा चेहरा भीतीनं उतरला. तिच्या वडिलांनाही साखरेचा आजार; इंदापूरला माहेरी तिनं हे असं एकदा पाहिलं होतं. ती फळीकडे धावली. डबे उघडत गेली. जवस, बदाम, खोबऱ्याचा कीस, मीठ. गूळ नाही, मध नाही, फळ नाही. साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरात, चहूकडे ऊस उभा असताना, त्या फळीवर साखरेचा कण नव्हता. ती शेजारी पळायला निघाली आणि मध्येच थबकली.

मग ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. कप्पा ओढला, जाळ्या भिरकावल्या, डबी काढली. पाण्यात साखर ढवळताना चमचा पेल्यावर टणटण वाजत होता. रतनबाईंचं डोकं तिनं खांद्यावर घेतलं.

"गिळा, आई. हळू. अजून एक घोट. माझ्यासाठी."

रतनबाई गिळत होत्या, हेच नशीब. बरंच पाणी हनुवटीवरून ओघळलं, काही पोटात गेलं. उत्कर्षानं एका हातानं संभाजीरावांना फोन लावला. ते कोऱ्हाळ्याला उसाला पाणी देत होते. "बाबा, तुम्ही थेट दवाखान्यात या, मी आईंना घेऊन निघते," एवढंच ती बोलली. काही वेळानं रतनबाईंची नजर जवळ आली. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"उत्कर्षा, तू रडतीस का गं?"

शेजारच्यांच्या गाडीतून त्या दोघी गेल्या. मी उघड्या कप्प्यानिशी, सांडलेल्या साखरेच्या पाण्यात उभी राहिले. फरशीवर मुंग्या आल्या. अंधार पडला तरी कुणी परतलं नाही. त्या बंद घरात मी काय काय कल्पना केल्या, विचारू नका.

त्या परतल्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं होतं. भेटायला आलेल्या गोकुळला संभाजीरावांनी जे सांगितलं, ते मीही ऐकलं.

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हनल्या, भाकरी कमी केली ह्यात वाईट काय न्हाय. पण गोळी पहिल्याइतकीच आन् खाणं निम्म्याच्या खाली, मग रक्तातली साखर टिकणार कशी? आमाला आधी इचारलं आसतं तर गोळीच कमी केली आसती, म्हनल्या."

गोकुळ मान खाली घालून बसला. "आक्का, माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं?" रतनबाई म्हणाल्या. "घाम फुटत हुता मला. हात कापत हुतं माझं. मीच कुणाला सांगितलं न्हाय. भ्याले हुते रं."

मग त्यांनी उत्कर्षाला जवळ बसवलं. तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

आता डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. ताटात अर्धी भाकरी असते, बाकी भाजी, उसळ, अंडं. वजन हळूहळू उतरतंय. ऑपरेशन अजून व्हायचं आहे. माझी जाळी धुऊन झाली, दगड साफ झाले आणि मी पुन्हा थोडी थोडी ज्वारी दळते. पण भीती गेलेली नाही. रतनबाई अजूनही पहिला घास तोंडाशी नेताना थांबतात. खाल्लं तर भीती, नाही खाल्लं तरी भीती. उत्कर्षा शिवणाच्या मशीनवरून मध्येच उठते, दारात येते आणि विचारते, "आई, आज वार कोणता?"

"आगं बेस्तरवार! किती येळा इचारशील?" रतनबाई खेकसतात. ते खेकसणं ऐकून मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी करा, जाळ्या साफ ठेवा, हे तर मी सांगेनच. पण घरातलं एखादं माणूस एकाएकी खायचं सोडून देईल, घामाघूम होईल, विनाकारण तुमच्यावर ओरडेल, तर रागावून पाठ फिरवू नका. जवळ जा, साधासा प्रश्न विचारा. आणि उत्तर यायला उशीर झाला, तर खुशाल घाबरा. उत्कर्षा घाबरली, म्हणून रतनबाई आज आहेत.