खांद्यांवर चालणारी डोली

मी डोली बोलतेय. लग्नातली नव्हे. एक लांब बांबू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली गोधडी, एवढीच मी. सूर्यमाळच्या डोंगरउतारावरच्या आमच्या पाड्यातून आजारी माणसाला डांबरी सडकेपर्यंत पोचवते.

पुण्याहून शिकून आलेल्या नेत्राला वाटलं होतं, मी एव्हाना कोपऱ्यात धूळ खात पडले असेन. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं मला 'आपल्या सगळ्यांची लाज' म्हटलं होतं. प्रत्यक्षात मी तिच्या आजाच्या, देवजीच्या ओसरीवर टांगलेली दिसले. बांबूला तेल लावलेलं, गोधडी स्वच्छ धुतलेली.

"आजा, हिला अजून जपतोस? मी पेटवणार हिला!"

"पेटव की. आधी रस्ता तर आण," देवजी हसला. "डोली ज्याच्या घरी, पहिला खांदा त्याचा. आपली रीत हाय ती."

मला राग आला नाही. पोरगी खरं तेच बोलत होती.

देवजीनं मला ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटातून तोडलं आणि चुलीच्या धुरावर वाळवलं, म्हणून अजून मला कीड नाही. गोधडी शेजारच्या नवशीनं शिवली. साप चावलेले, तापानं फणफणलेले, कितीजण माझ्यात निजून गेले. चौघं उचलतात, बाकीचे खांदा बदलायला मागं चालतात. गाडीला डिझेल लागतं, मला माणसं लागतात.

आणि दिवाळीनंतर माणसंच नसतात. भात झोडून झालं की पाडा जगायला जातो, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. नेत्राचे आईबापही गेलेले. बंद दारांना काट्यांच्या फांद्या लागतात. कागदावर पाडा भरलेला, ओट्यांवर मात्र म्हातारे, थोड्या बायका आणि कोंबड्या.

अशाच एका दुपारी नवशीची सून चिमी हिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. नवरा भिका भट्टीवर. नेत्रानं गोरख जीपवाल्याला फोन लावला. तो सडकेला थांबणार होता. पण सडकेपर्यंत न्यायचं कुणी?

पहिला खांदा देवजीनं दिला, दुसरा म्हाताऱ्या तुकानं. पुढं खांदेच नव्हते. बायका मागंच थांबल्या. डोलीला बाईनं खांदा द्यायचा नाही, हीही रीतच.

चिमी कण्हली. नवशीनं पदर खोचला. "निजायला बाई चालते, उचलायला नाय? सरका!"

"काकी, मीपण," नेत्रा पुढं आली.

"तुझा खांदा पुस्तकाचा गं," तुका म्हणाला.

"मऊ हाय ते बरंच. चिमीला धक्का नाय लागायचा," नवशीनं त्याला गप्प केलं. मग पाड्यातल्या चैती आणि सपनाही खांदा बदलायला निघाल्या.

उतारावर नेत्राचा पाय सटकला. गुडघा फुटला, पण बांबू तिनं सोडला नाही. उलट खांदा आणखी घट्ट लावला. असे खांदे मिळाले, आणखी काय हवं मला? सडकेवर गोरखची जीप माणसांनी भरलेली. चिमीला पाहिलं आणि सगळी न सांगता खाली उतरली.

संध्याकाळी मोखाड्याच्या दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

माणसांनो, रस्ता लवकर येऊ द्या. माझी गरज उरू नये, हेच माझं मागणं आहे. तोवर मात्र मला खांदा देणाऱ्या प्रत्येकाची मी ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रा पुण्याला निघणार होती, तिथं नोकरी ठरली होती. बॅग भरून दारात होती. तिनं मला खाली काढलं. वाटलं, आता पेटवते. तिनं मला ओढ्यावर नेलं, गोधडी धुतली, बांबूला तेल लावलं. मग आईबापाच्या बंद घराच्या दारावरची काट्याची फांदी ओढून टाकली आणि मला त्या ओसरीवर टांगलं.

"आजा, आता पहिला खांदा माझा. रस्ता होईस्तोवर मी इथंच राहणार."

"आन् झाल्यावर? पेटवशील?"

"नाही रे. चिमीच्या पोरीला हिचाच पाळणा बांधू."