तीन पाण्यांनी धुतलेलं

आमच्या प्रयोगशाळेचं घोडं आठ महिने एका एन्झाइमपाशी अडलं होतं, आणि येता-जाता भुणभुण माझ्या डोक्याशी. मी इथला तंत्रज्ञ. एकतीस वर्षं पेशी फोडतोय. सगळे मला काका म्हणतात, आणि काकांच्या कामात कोणी नाक खुपसत नाही.

हे एन्झाइम म्हणजे माणसाच्या पेशीतला गवंडी. पेशीभोवती जो पातळ, स्निग्ध पडदा असतो, त्याला लागणारा माल हा जोडून देतो. बरं, माल द्यावा आणि बाजूला व्हावं की नाही? हा स्वतःही पडद्यातच रुतून बसतो. त्याला साबणासारख्या द्रावणानं बाहेर ओढायचं, नळीतल्या मण्यांना चिकटवायचं, वरून तेच द्रावण सोडून बाकीची घाण धुवायची, मग सोडवून घ्यायचं. तो काम करत असेल तर तपासणीच्या पट्टीवर निळा ठिपका चमकतो.

आठ महिन्यांत एकदाही चमकला नाही.

धुण्याचं काम माझं, तपासायचं पीएचडी करणाऱ्या पोरीचं. ठिपका आला नाही की ही माझ्यासमोर हजर. काका, काही बदललं का? मी काय बदलणार, कपाळ! माझ्यासारखा स्वच्छ माल कोणी देऊन दाखवावा. आमच्या प्रमुख बाईही बैठकीत तिला तेच म्हणाल्या: एवढा शुद्ध नमुना असून ठिपका येत नाही, म्हणजे तुझ्या हातातच काहीतरी खोट आहे. मी मान डोलावली. सोमवारी पोरीनं सांगितलं की शुक्रवारी ती सगळं सोडून घरी जाणार.

गुरुवारी शेवटचा नमुना. तिनं सकाळपासून चार वेळा विचारलं, झालं का. माझं डोकंच फिरलं. एकदा द्रावण सोडलं, जे निघालं ते काढलं आणि तिच्यापुढे आदळलं. घे बाई, मिटव एकदाचं.

दुपारी ती पट्टी घेऊन आली. निळा ठिपका. तिनं पुन्हा तपासलं, पुन्हा ठिपका. बाई धावत आल्या.

कृती लिहिलेला कागद मी काढून पाहिला. त्यात लिहिलं होतं: एकदा धुणे. मी कायम तीन पाण्यांनी धूत आलो. वहीत कधी लिहिलं नाही. स्वच्छता काय लिहून ठेवायची असते? गवंड्याला उभं राहायला अंगाभोवती थोडी भिंत, म्हणजे त्या स्निग्ध पडद्याचा थर, लागत होती, आणि तीच मी दर वेळी धुऊन काढत होतो.

"बघ, शेवटी हात बसला तुझा," बाई म्हणाल्या.

पोरगी आपल्या हातांकडे बघत राहिली. ते मला बघवेना.

"हात तिचा पहिल्यापासून बरा आहे," मी म्हणालो. "मीच तीनदा धूत होतो. आज रागात एकदाच धुतलं."

पोरीनं आठ महिन्यांची वही माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

"काका, प्रत्येक तारखेपुढे लिहा. सावकाश लिहा, मी उद्या जात नाहीये."

एकूण बत्तीस नमुने होते. मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानावर लिहिलं: तीनदा धुतले. खाली सही केली.