वहिनींनी नाकारलेलं कडं

रॉकेटच्या नोझलचा, म्हणजे जळता वायू बाहेर सोडणाऱ्या तोटीचा, गळा सगळ्यात जास्त तापतो, म्हणून तिथे ग्रॅफाइटचं कडं बसवतात. तपासणीचं काम करणाऱ्या वहिनींनी ते टेबलावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच वाजवलं. आवाज बद्द आला.

"साहेब, हे मी पास करणार नाही."

चाचणी दुसऱ्याच दिवशी होती, तरी साहेबांनी वाद घातला नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कड्याबद्दल वहिनींचा नवरा, साहेबांचा तंत्रज्ञ, हेच म्हणाला होता. "कानाने कुठे नोझल तपासतात?" म्हणत साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. चाचणीत कड्याचा तुकडा सुटला, वायूची वाट अडली, दाब चढून रॉकेटची मोटर फुटली आणि तो गेला. कडं त्यानेच नीट बसवलं नव्हतं, असं अहवालात आलं. साहेबांनी त्यावर मुकाट्याने सही केली.

आज त्यांनी स्वतः कडं कापलं. आत केसाएवढी भेग होती.

"त्या वेळी मी ऐकायला हवं होतं, वहिनी."

"मला सांगून काय उपयोग? मी ह्यांचं काम ओळखत होते. सासूबाई अजून म्हणतात, लेकाचा हात चुकला. त्यांना सांगा."

संध्याकाळी साहेब वहिनींच्या घरी गेले. भाजी निवडत बसलेल्या म्हातारीसमोर त्यांनी स्वतःची चूक न झाकता सगळं सांगितलं. नवा अहवाल लिहितो, म्हणाले.

"म्हणजे माझ्या पोराला कळलं होतं," म्हातारी म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"लिहून झालं की आधी मला वाचून दाखवा."