येसूबाईंच्या गळ्यातली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या नळीत बुरशीचे जाळे धरले आहे, उजवी मात्र अजून ठणठणीत आहे. मित्रांनो, कोकणची हवा कोणालाच सोडत नाही. लोखंडाला गंज, लाकडाला वाळवी आणि माझ्यासारखीला बुरशी. पण माझ्या दुखण्याचे रडगाणे गायला मी बसलेली नाही. मला येसूबाईंबद्दल सांगायचे आहे, कारण माझे आयुष्य म्हणजे त्यांच्या गळ्यात गेलेली तीन वर्षे. बाकीचे सगळे कपाटात गेले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. काचा घासल्या, नळ्यांत बसवल्या, पट्टा अडकवला, की आम्ही सगळ्या सारख्याच. मला विकत घेतले सुहास सरांनी. ते संगमेश्वरजवळच्या एका हायस्कुलात शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गावचे रान मनावर घेतले. गावाच्या वरच्या अंगाला देवीचे जुने रान आहे. गावाने ठराव करून ते राखीव केले, तिथे कुऱ्हाड बंद झाली. त्या रानात एक उंच बेहडा आहे, आणि बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी गरुडाची जोडी यायची. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, आमच्याकडे गरुडच.

या पाखराची रीत जगावेगळी. मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पंखांची पिसे गळतात, उडताही येत नाही. नर दिवसभर फळे आणून तिला भरवतो. तो आला नाही तर ती उपाशी.

ढोलीवर लक्ष ठेवायला सरांना स्वयंसेवक हवे होते. पहिल्या बैठकीला अकरा नावे आली. चहा झाला, फोटो निघाले. आठ दिवसांत अकराचे दोन राहिले, आणि त्यातले एक सर स्वतः. मग ते येसूबाईंकडे गेले. येसूबाई साठीला टेकलेल्या, मालक वारलेले, मुलगा निलेश मुंबईला नोकरीला. गुरे घेऊन त्या रोज वर जायच्याच.

"येसूबाई, सकाळचे दोन तास ढोलीसमोरच्या दगडावर बसाल का?"

"बसून काय करायचा, सर?"

"बघायचं."

"नुसता बघायचा?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. नुसते बसून बघा, असे त्यांना आजवर कोणी म्हटलेच नव्हते.

पहिल्या दिवशी सरांनी मला त्यांच्या गळ्यात घातले, आणि त्यांनी मला उलटे धरले. समोरचा बेहडा एकदम संगमेश्वरच्या पलीकडे गेला, तशा त्या दचकल्या. मग सरांनी मला सुलटे करून दिले. तासाभराने पंखांचा मोठा आवाज झाला, नर फांदीवर बसला, आणि फटीतून आलेल्या चोचीत त्याने एक एक उंबर ठेवला.

"आगो बाय! भरवतोय तो तिला!"

नर उडून गेला तरी त्यांनी मला डोळ्यांवरून काढले नाही. त्या दिवसापासून त्यांनी एक सकाळ चुकवली नाही. पावसाळ्यात मला त्या तांदळाच्या डब्यात ठेवीत, म्हणजे ओल लागायला नको. माझी उजवी नळी त्या तांदळानेच वाचवली.

शेजारची काशी त्यांची चेष्टा करायची. "काकी, तुला काय मिळता गो त्या पाखराच्या पाठी?"

"काय नाय," येसूबाई म्हणायच्या.

मित्रांनो, ते खोटे होते. दुसरीतून शाळा सुटलेल्या येसूबाई वहीत टपोऱ्या अक्षरांत 'आला', 'गेला', 'उंबर' लिहू लागल्या. कुठला उंबर कधी पिकतो, हे सर त्यांना विचारू लागले. निलेशचा रविवारचा फोन पूर्वी "जेवलीस काय" आणि "बरी हायस ना" एवढ्यावर संपायचा. आता त्या त्याला अर्धा अर्धा तास गरुडाच्या गोष्टी सांगत, आणि तो ऐकत असे. देवरूखहून कॉलेजची मुले आली, तेव्हा येसूबाईंनी ओठांवर बोट ठेवताच तीस मुले चिडीचूप झाली. घरी परतताना त्या स्वतःशीच हसत होत्या. आणि रिकाम्या घराचे कुलूप काढताना जो सुस्कारा त्या टाकायच्या, तो मला पुढे ऐकू आला नाही.

तिसऱ्या वर्षी शिमगा झाला, पालखी नाचली, मुंबईकर परत गेले. गावात बाया आणि म्हातारी माणसे उरली. ही तरवा भाजायची वेळ. भाताची रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचे टाळ, सुक्या पानांचा पातेरा पसरतात आणि जाळतात, म्हणजे तण मरते. हे काम उजाडता उजाडता उरकायचे, वारा सुटायच्या आत. हे येसूबाईंना मी सांगायला नको. चाळीस वर्षे त्या तेच करत आल्या होत्या.

येसूबाईंचा तरवा भाजायचा त्या दिवशी पहाटे सगळे रचून तयार होते. पण आदल्या दुपारपासून नर ढोलीकडे फिरकला नव्हता. "एकदा त्याला आलेला बघतंय, नि मग आग लावतंय," म्हणून त्या आधी दगडावर गेल्या. नर आला साडेदहाला, पाच उंबर घेऊन. त्या इतक्या खूश झाल्या की उतरताना गुडघ्यांची आठवणही राहिली नाही. रानाच्या पायथ्याच्या आपल्या तरव्याशी पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते.

काशी बांधावरून ओरडली, "काकी, आता नको गो! वारा सुटंल. उद्या लाव."

"उद्या परत वर जायाचा हाय. इवलासा तर तुकडा, आताच उरकतंय."

मी त्यांच्या गळ्यात होते. खाली खाडीच्या अंगाला माडांची झापे हलायला लागलेली मला दिसत होती. पण दुर्बिणीला दिसून काय उपयोग? तिला तोंड कुठे असते?

वारा आला आणि पेटता पातेरा उचलून त्याने वरच्या सुक्या गवतात टाकला. आग चढाने धावत सुटली. काशीने हाका मारून बाया गोळा केल्या, ओल्या फांद्यांचे टाळे तोडून आग झोडपायला त्या वर पळाल्या. येसूबाईही पळाल्या, पण अर्ध्या चढावर गुडघ्यांनी दगा दिला. त्या बसल्या, उठल्या, परत बसल्या. शेवटी त्यांनी मला डोळ्यांना लावले.

मी माझे काम केले. लांबचे जवळ आणून दाखवले. बेहड्याच्या खोडावरचा सुका वेल पेटलेला दाखवला. धूर ढोलीपर्यंत चढलेला दाखवला. नर उंबर घेऊन आलेला, घिरट्या घालून लांबच्या झाडावर बसलेला, पुन्हा उडालेला दाखवला. फटीतून चोच बाहेर आली, उघडली, मिटली.

"बाहेर ये गो बाय," येसूबाई म्हणत होत्या. "फोड ता दार. बाहेर ये."

पण बाहेर येऊन ती उडणार कशाने? हे त्यांनाही माहीत होते. मला तेव्हा वाटले, बुरशी दोन्ही नळ्यांत धरायला हवी होती.

तीन वाजेपर्यंत बायांनी आग विझवली. रान वाचले, बेहडाही उभा राहिला. सगळ्यांनी काशीची पाठ थोपटली, आणि तिने तसे कामच केले होते. नर मात्र पुढे चार दिवस येत राहिला. फळ घेऊन फटीपाशी थांबायचा, चोचीने टकटक करायचा, मग फळ खाली टाकून जायचा. येसूबाईंनी वहीत चारही दिवस लिहिले, 'आला. घेतला नाय.' पाचव्या दिवशी लिहायला काही नव्हते.

रस्त्यावरून कोणी तरी पेटती विडी टाकली असेल, असे गावात बोलले जाऊ लागले. गावाच्या बैठकीत येसूबाई उभ्या राहिल्या. "विडी नाय, सर. माज्या तरव्याची आग. काशी नको बोलत व्हती." मग मला गळ्यातून काढून त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवले. सर म्हणाले, "येसूबाई, चूक कोणाच्याही हातून होते." येसूबाई तशाच घरी गेल्या.

मी वर्षभर कपाटात पडून होते. गेल्या महिन्यात कपाट उघडले ते काशीने. ती सरांना म्हणाली, "काकी रोज दगडावर जाऊन बसते. लिहीत नाय, बोलत नाय. ही द्या माज्याकडं."

तिने मला वर नेले. येसूबाईंनी माझ्याकडे बघितले, पण हात पुढे केला नाही. काशी त्यांच्याजवळ टेकली आणि तिनेच मला डोळ्यांना लावले. ढोलीचे तोंड काळे होते, लिंपण गळून उघडे पडले होते.

"काय दिसता?" येसूबाईंनी विचारले. कित्येक दिवसांत त्यांनी कोणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, असे काशी नंतर सरांना म्हणाली.

"काय नाय, काकी."

"बघत ऱ्हा."

आता आम्ही तिघी रोज तिथे असतो. ढोली अजून रिकामी आहे. पाखरू परत येईल की नाही ते मला माहीत नाही, आणि मी काही करूही शकत नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. रानाशेजारी आग लावायची तर पहाटे लावा, आणि कोणी नको म्हणाले तर ऐका. धूर दिसला की दुर्बीण शोधत बसू नका, आधी धावा. आणि एवढे करूनही ज्याच्या हातून विपरीत घडले, त्याच्याजवळ रोज थोडा वेळ जाऊन बसा, काशी बसते तसे.