मधातली टकटक

रोशन गजभियेनं ड्रमवर काठी टेकवली की पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेत, आणि या गोष्टीचा त्याला मनापासून अभिमान होता. नागपुरात धुमाल, म्हणजे वरातीतला ट्रकवरचा बँड, वाजवणाऱ्याची किंमत आवाजावर ठरते. ट्रकवर पुढे बेंजोवाला, मागे भोंग्यांची भिंत, कडेला ढोलवाले आणि मधोमध रोशन. दुसऱ्या पार्टीचा ट्रक चौकात समोर आला की दोन्हीकडून अशी जुंपायची, की शेवटी कोणीतरी एकानं माघार घ्यावी. रोशनच्या पार्टीनं कधी माघार घेतली असं निदान रोशन तरी सांगत नसे. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला होता आणि आता चाळिशीला टेकला होता.

अशा माणसाला रामदासपेठेतल्या एका फ्लॅटमध्ये, जाड पडद्यांच्या खोलीत बसवून "रोशनभाऊ, अजून हळू" असं सांगत राहणं हा शुद्ध छळ होता. पण तो त्यानं स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ओढवून घेतला होता, त्याला कोण काय करणार?

सांगणारा केयूर त्याच्याहून पुष्कळच लहान. मुग्धा नावाच्या गायिकेच्या ग्रुपमध्ये तो ड्रम वाजवायचा. गझला, जुनी भावगीतं, लोकांनी सभागृहात गप्प बसून ऐकायचे कार्यक्रम. केयूरला पुण्यात नोकरी लागली होती आणि वर्षअखेर त्याची जागा रिकामी होणार होती. एका मित्राच्या वरातीत त्यानं रोशनला ऐकलं आणि वरात संपल्यावर ट्रकपाशी येऊन उभा राहिला. "तुमचा ताल दगडासारखा पक्का आहे भाऊ. बाकीचं मी शिकवतो."

त्या 'बाकीचं'मध्ये काय काय दडलंय हे रोशनला तेव्हा कळलं असतं, तर तो ट्रकवरून उतरलाच नसता.

त्याला ती जागा हवी होती, आणि का हवी होती हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ट्रकवर वाजवणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. नवरदेवाचे मित्र गळ्यात पडतात, फर्माइशी करतात आणि मंडपाशी पोचले की ओळख विसरतात. मुग्धाच्या कार्यक्रमात मात्र शेवटी ती एकेका वादकाचं नाव घ्यायची, वादक उठून हात जोडायचा, लोक टाळ्या वाजवायचे. रोशननं हे मागच्या रांगेत बसून पाहिलं होतं. त्या स्टुलावर, इस्त्रीच्या झब्ब्यात, माइकवरून आपलं नाव घेतलं जावं एवढीच त्याची हौस. या वयात असली हौस सांगायची लाज वाटत होती, म्हणून तो घरी "थोडं शिकून राहिलो" इतकंच म्हणायचा.

मध्ये आडवी आली घोस्ट नोट.

"हे बघा," केयूर वाजवून दाखवायचा, "हा एक मोठा ठोका. हा दुसरा. यांच्या मधात डाव्या हातानं काठी नुसती पडू द्यायची. मारायची नाही, पडू द्यायची. ठोका आहे, पण तो पुढे येत नाही. गाणं चालतं ते याच्यावर. ऐका."

रोशन ऐकायचा. मोठा ठोका. मग मोठा ठोका. मधात केयूरची डावी काठी कातड्यावर हलताना दिसायची, पण आवाज म्हणाल तर शून्य.

"आलं लक्षात?"

"हो हो," रोशन मान डोलवायचा.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की ही शिकलेल्या वादकांनी आपसात मानून घ्यायची गंमत आहे. नावातच भूत आहे, मग ते दिसणार कसं आणि ऐकू येणार कसं? एकानं वाहवा म्हटलं की दुसऱ्यानंही म्हणायचं. पण गुरूचा मान ठेवायला पाहिजे, म्हणून तो आपल्या हातून ती टकटक जेमतेम ऐकू येईल इतकी हळू वाजवायचा, आणि त्यावर केयूर दोन्ही हातांनी डोकं धरायचा.

"मोठं झालं भाऊ."

"हे मोठं?"

"खूप मोठं. मुग्धाताईचा आवाज झाकून जाईल यात."

"अहो सर, याच्याहून हळू म्हणजे वाजवूच नाही का मी? मंग ऐकू कोणाले येईन?"

"सगळ्यांना येतं."

पोरगं आपली टर उडवून राहिलं, असं रोशनला वाटायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची. एवढ्या वरातींतून, एवढ्या मिरवणुकांतून ज्या हातानं कधी दगा दिला नाही, तो हात आता एका काठीचं ओझं सांभाळू शकत नव्हता. त्यानं ड्रमवर टॉवेल टाकून पाहिला, गोधडीची घडी टाकून पाहिली. टॉवेलवर ठोके मस्त मऊ पडायचे, तो खूश व्हायचा, आणि रामदासपेठेत उघड्या ड्रमवर बसला की पहिले पाढे पंचावन्न. काठी चिमटीत धरून पाहिली. मनगटाला रुमाल बांधून पाहिला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, लग्नसराई आली, पण केयूरच्या तोंडचं "अजून हळू" काही जाईना.

त्यातच काटोलची वरात आली. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. काटोलच्या बाजार रस्त्यावर त्यानं इतक्या महिन्यांचा राग त्या ड्रमवर असा काढला, की नाचणारे थकून ओट्यांवर बसले. अंग हलकं झालं. परतताना नेहमीप्रमाणे कानात शिटी वाजत होती. ती दोन दिवस वाजतच राहायची, पण ट्रकवरच्या सगळ्यांच्याच कानात वाजते, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही.

पुढच्या वेळी केयूरनं त्याला नीट दोन ओळीही वाजवू दिल्या नाहीत.

"भाऊ, शनिवारी मुग्धाताई येतेय ऐकायला. तिच्याकडे भिलाईचा एक जण तयार आहे. मी तिला शब्द देऊन बसलोय तुमच्यासाठी." केयूरचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता, आणि तेच रोशनला जास्त लागलं. "तुम्ही ऐकतच नाही हो माझं."

"ऐकून तर राहिलो! अजून काय करू? हात तोडून ठेवू का?" रोशननं काठ्या पिशवीत कोंबल्या आणि तो निघून आला.

घरी त्याची बायको जया जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. तो थेट कोपऱ्यात जाऊन बसला, सरावाचं रबरी पॅड मांडीवर घेतलं आणि सूड म्हणून वाजवू लागला. हळू पाहिजे ना? घ्या हळू. मोठे ठोके तेवढे ठेवले, मधात काठी नुसती टेकवायची आणि सोडायची. काहीच वाजत नव्हतं. हेच पाहिजे तर हेच घ्या म्हणावं, वाजवायचंच नाही, झालं! बराच वेळ तो असा धुमसत बसला.

"आज बराबर येऊन राहिली," जया म्हणाली.

"काय?"

"ते मधातली बारीक टकटक. आतापर्यंत धाडधाड करत होते तुम्ही. आज कानाले गोड वाटून राहिलं."

रोशनच्या काठ्या थांबल्या. "कोणती टकटक?"

"अजी, तुम्हीच तर वाजवून राहिले. दोन मोठ्यांच्या मधात. कधी दोन, कधी तीन."

"तुले ऐकू येते?"

"म्हणजे? बहिरी आहे का मी?"

त्याला वाटलं ती गंमत करतेय. त्यानं तिला उठवलं आणि बाहेर ओट्यावर पाठ करून उभं केलं. आत येऊन पुन्हा तसंच वाजवलं, मुद्दाम एका जागी मधात चार वेळा काठी टेकवली, नाक पॅडला लागेल इतका वाकून. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

"किती?" तो ओरडला.

"चार!" ओट्यावरून उत्तर आलं.

त्यानं पुन्हा केलं. तिनं पुन्हा बरोबर सांगितलं. मग ती आत आली आणि त्याचा चेहरा पाहून दारातच उभी राहिली. रोशन पॅडकडे बघत होता. केयूर चेष्टा करत नव्हता, कोणीच कसलं नाटक करत नव्हतं. त्या नोटा होत्या. इतके महिने त्या खोलीत वाजत होत्या आणि खोलीतल्या एकाच माणसाला ऐकू येत नव्हत्या. आपल्याला ऐकू येईस्तोवर तो जोर लावत होता आणि नोट ऐकू आली की ती मोठी झालेली असायची.

"तुले माहीत होतं?" त्यानं विचारलं. "माह्या कानाचं?"

"असं नाही..." जया घुटमळली. "तुम्ही धुमालवाले सगळेच तसे. ते ढोलवाले मारोतराव घरी येते तेव्हा तुम्ही दोघं बोलता का भांडता तेच समजत नाही. मले वाटलं तुमची पद्धत आहे."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? लग्न झाल्यापासून ओरडूनच बोलून राहिली मी तुमच्याशी. मायच्या घरी गेली का माय म्हणते, हळू बोल वं, आम्ही इथंच आहो."

ती हे हसत म्हणाली, पण रोशनला हसू आलं नाही. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, आपली बायको जरा तोंडाळच आहे. मित्रांत तो तसं बोललाही होता. त्याला स्वतःचाच असा संताप आला, की पॅड उचलून भिंतीवर हाणावंसं वाटलं. पण हाणून काय उपयोग?

उरलेल्या दिवसांत त्यानं ऐकायचा नाद सोडला. जयाला समोर बसवून तो वाजवायचा आणि तिनं "मोठं" म्हटलं की काठी खाली आणायची. काठी कातड्यापासून बोटभरच वर, बोटांत गुदगुली झाली की ठोका पडला समजायचं. हे काही शिकणं नव्हे, आंधळेपणानं भिंत चाचपत जाणं होतं, आणि दर वेळी ती "हं, आली" म्हणाली की त्याला आनंद व्हायच्या आधी चीड यायची.

शनिवारी मुग्धा आली. पन्नाशीची, सुती साडीतली, घड्याळाकडे बघत बोलणारी बाई. केयूर गिटार घेऊन बसला, ती गायला लागली आणि रोशननं डोळे काठ्यांच्या टोकांवर रोवून वाजवलं. कडव्यामागून कडवं गेलं. त्याला आपल्या हातून फक्त मोठे ठोके पडताना ऐकू येत होते, मधात सगळं ओसाड होतं.

गाणं संपलं तेव्हा केयूरच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "काय केलंत काय भाऊ तुम्ही?"

"छान," मुग्धा म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द सहसा निघत नसावा, कारण केयूरनं चमकून पाहिलं. "मला असाच माणूस पाहिजे होता. पुढच्या रविवारी हॉलवर या. फक्त एक लक्षात ठेवा, शेवटच्या कडव्याआधी मी अगदी बारीक आलाप घेते. तो ऐकला की थांबायचं आणि मी समेवर आले की उचलायचं."

रोशनला जागा मिळाली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. इतके महिने म्हणतच आला होता तो. पण सगळं एकदमच बाहेर पडलं.

"मॅडम, मले तो आलाप ऐकू नाही येणार. बारीक आवाज ऐकूच नाही येत मले. आता वाजवलं तेही नाही ऐकलं मी. नुसतं हातानं वाजवलं."

केयूरनं गिटार बाजूला ठेवली. मुग्धाच्या कपाळावर आठी पडली, आणि कार्यक्रम आठ दिवसांवर असताना ती पडायलाच हवी होती.

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून."

ती गायला लागली. शेवटच्या कडव्याआधी तिचे ओठ हलत राहिले आणि त्याच्यासाठी आवाज नाहीसा झाला. रोशननं तिच्या गळ्याकडे, खांद्यांकडे बघत काठ्या थांबवल्या. खांदे वर आले, श्वास भरला गेला, आणि ती समेवर उतरली तेव्हा त्याचा ठोका तिथं हजर होता.

मुग्धानं पर्स उचलली. "मी तुमच्याकडे वळून उभी राहीन. डाव्या बाजूच्या लोकांना माझी पाठ दिसली तर दिसू दे." दारापाशी जाऊन ती थांबली. "आणि तुमचं पूर्ण नाव केयूरला सांगून ठेवा. शेवटी घ्यावं लागतं."

ती गेल्यावर दोघंच उरले. रोशन काठ्या मांडीवर ठेवून बसून होता. हवं ते मिळालं होतं आणि तरी जीव नुसता जळत होता.

"सर," तो म्हणाला, "ते कसं वाजते, सांगा ना. माह्या हातचं."

केयूरनं रोशनचा उजवा हात ओढून आपल्या गुडघ्यावर पालथा ठेवला. आपल्या तळव्यानं त्यावर एक थाप मारली. मग त्या हाताच्या मागच्या बाजूवर दोन बोटांची टोकं हलकेच टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. पुन्हा थाप. पुन्हा ती बोटं.

"एवढं बारीक?"

"एवढंच."

"आणि हे मी वाजवलं?"

"तुम्हीच वाजवलं भाऊ. सगळी आली. एकही चुकली नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही माहा जीव घेतला होय?" रोशन ओरडला. खरोखरच ओरडला, पडद्यांतूनही बाहेर ऐकू गेलं असेल. त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता, पण हात त्यानं मागे घेतला नाही. "थांबू नका ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून दाखवा. अख्खं गाणं दाखवा."